कॉन्सर्ट दहाला संपते, हे महिनाभर आधी ठरलेले असते

माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मोठी कॉन्सर्ट जाहीर झाली की सरकारी बैठकांचा सगळा भर पार्किंगवर असतो. त्या रात्रीचे खरे काम मात्र रेल्वे स्टेशनवर असते. तरीही हे पत्र रेल्वेमंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत. फलाट आणि गाड्या मध्य रेल्वेच्या, पण स्टेशनची इमारत आणि तिच्यासमोरचे आवार सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या राज्य सरकारच्या महामंडळाने, बांधलेले. बाहेरचे रस्ते नवी मुंबई महापालिकेचे, एनएमएमटीच्या बसही तिच्याच. रस्त्यावरचा बंदोबस्त पोलीस आयुक्तालयाचा. सिडको आणि महापालिका दोन्ही तुमच्या खात्याखाली येतात, त्यामुळे बाकीच्यांना बोलावून घेण्याचा मान आणि जबाबदारी तुमचीच.

येताना गर्दी त्रास देत नाही. दुपारी तीनपासून सातपर्यंत लोक चार तासांत विखरून येतात. जाताना तेच लोक अर्ध्या-पाऊण तासात रस्त्यावर असतात. आणि ही वेळ अगदी नेमकी माहीत असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ती मुदत बारापर्यंत वाढवू शकते. क्रिकेटचे तसे नाही. २ नोव्हेंबर २०२५ चा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना याच मैदानावर पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीपर्यंत लांबला. त्या गर्दीचा आधी अंदाज बांधणे कठीण, हे आम्हालाही मान्य आहे. कॉन्सर्टला ती सबब नाही. कोल्डप्लेचे कार्यक्रम १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ ला झाले, त्यांच्या तारखा महिनोन्‌महिने आधी सगळ्या देशाला पाठ होत्या.

आता हिशेब करू. प्रेक्षक ४५,००० धरा आणि त्यातले निम्मे लोकलने परतणार असे समजा, म्हणजे २२,५००. बारा डब्यांच्या लोकलमध्ये दाटीवाटीने पण दारात न लोंबकळता ३,००० माणसे धरली, तर आठ गाड्या लागतात. दर दहा मिनिटांनी एक म्हटले तरी सव्वा तासात काम उरकते. सानपाड्याची कारशेड हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे रिकामे रेक, म्हणजे डब्यांचे पूर्ण संच, आणायला लांब जावे लागत नाही. ठाण्याच्या ट्रान्स-हार्बर गाड्या आणि उरणच्या गाड्या नेरुळहून सुटतात, म्हणजे गाडी तिथूनच उलटी फिरवण्याची सोयही आहे. जादा गाड्या नेरुळला रिकाम्या येऊन तिथूनच सुटल्या पाहिजेत. पनवेलहून भरत आलेली गाडी ‘जादा’ म्हणून मोजण्यात अर्थ नाही.

पण नुसत्या गाड्या वाढवून भागत नाही. सपाट वाटेवरून एक मीटर रुंदीत मिनिटाला फार तर ऐंशी माणसे सुरक्षित जातात, जिन्यावरून साठ-पासष्ट. फलाटाकडे जाणाऱ्या जिन्यांची उपयोगी रुंदी मिळून चार मीटर असेल, तर मिनिटाला अडीचशे माणसे, म्हणजे २२,५०० जणांना दीड तास. हा वेग गाड्यांच्या वेगापेक्षा कमी आहे. म्हणून मागून रेटा आला की जिन्यावर काय होते, ते २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर मुंबईने पाहिले आहे. तिथे २३ जीव गेले.

उपाय साधा आहे आणि त्याला सिमेंट लागत नाही. गर्दी फलाटावर थांबवायची नाही, स्टेशनसमोरच्या आवारात थांबवायची. फलाट २६० मीटर लांब आणि आठ मीटर रुंद धरला, स्टॉल, बाकडी आणि जिन्यांची जागा वजा केली, तर उभे राहायला दीड हजार चौरस मीटर उरतात. चौरस मीटरला दोन माणसे म्हणजे बरोबर एका गाडीची माणसे. म्हणून एक गाडी सुटली की पुढच्या गाडीपुरतेच लोक आत सोडायचे. आवारात नागमोडी कठडे लावायचे, पण ते आतून बाहेर ढकलता येतील असे, साखळदंडाने जखडलेले नकोत. त्या वेळात उतरणाऱ्या प्रवाशांसाठी वेगळा जिना मोकळा ठेवायचा. आणि एक माणूस, एकच, वॉकीटॉकी घेऊन फलाटावरच्या स्टेशन मास्तरशी जोडलेला असायचा. आज रेल्वे सुरक्षा दल, नवी मुंबई पोलीस आणि आयोजकांचे स्वयंसेवक तिघेही आपापल्या परीने शिट्या वाजवतात. त्याने गर्दी हलते, पण कुठल्या दिशेने ते सांगता येत नाही.

दुसरी चूक जुईनगरबाबत होते. स्टेडियम नेरुळ आणि जुईनगर या दोन्ही स्टेशनांना जवळ आहे, म्हणून ‘दोन्हींचा वापर करा’ असे सांगितले जाते. सल्ला बरोबर, पण अर्धवट. नेरुळला भरलेली सीएसएमटी गाडी पुढच्याच स्टेशनला, जुईनगरला, उभी राहून उपयोग काय? त्यापेक्षा दिशा वाटून द्या. सीएसएमटी आणि वडाळ्याकडे जाणाऱ्यांनी नेरुळला चढावे, ठाण्याकडे जाणाऱ्यांनी जुईनगरला. कॉन्सर्टच्या तिकिटावर गेट क्रमांकाखाली हे छापा. स्टेडियमच्या दारातल्या पाट्याही तशाच हव्यात, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, डोक्यापेक्षा उंच, आतून उजेड असलेल्या. फ्लेक्सचे बॅनर रात्री दिसत नाहीत.

वडाळ्याचे नाव आले म्हणून सांगतो. बांद्रा, अंधेरी, गोरेगावचे लोक हार्बरने वडाळा रोडला उतरून गाडी बदलतात. नेरुळहून जादा गाडी सोडली आणि वडाळ्याहून गोरेगावची शेवटची गाडी तिच्या आधी निघून गेली, तर ती गर्दी आपण फक्त नेरुळहून वडाळ्याला हलवली. एक-दोन जादा गाड्या थेट गोरेगावपर्यंत न्याव्यात, तो मार्ग जोडलेला आहे. ते जमत नसेल तर वडाळा आणि कुर्ला स्टेशनबाहेर बेस्टच्या बस उभ्या ठेवाव्यात.

रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या देखभालीसाठी काही तास गाड्या बंद ठेवणे, ही आणखी एक गाठ. हार्बरचा ब्लॉक बहुतेक वेळा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन चारच्या सुमारास संपतो, म्हणजे नेमका लोक कॉन्सर्टला यायला घरून निघण्याच्या वेळी. देखभाल टाळा असे आम्ही म्हणत नाही, रुळांची काळजी घेतलीच पाहिजे. पण कॉन्सर्टची तारीख कळल्यावर त्या आठवड्याचा ब्लॉक शनिवारच्या मध्यरात्रीनंतर किंवा मेन लाइनवर सरकवता येतो. आयोजकांना परवानगी देतानाच महापालिकेने रेल्वेला लेखी कळवावे, एवढेच.

आता पार्किंग. एक मोटार उभी करायला, येण्याजाण्याची वाट धरून, २५ चौरस मीटर लागतात. प्रेक्षकांतले एक तृतीयांश मोटारीने आले आणि गाडीत तिघे बसले, तर ५,००० गाड्या, म्हणजे सव्वा लाख चौरस मीटर, सुमारे ३१ एकर. आझाद मैदान २५ एकरांचे आहे. आणि जागा मिळाली तरी बाहेर पडणे वेगळेच. दरवाजात पावती तपासायला गाडीमागे दहा सेकंद लागली, तर एका दरवाजातून तासाला ३६० गाड्या. पाच दरवाजांतून १,८००, म्हणजे महामार्गाची एक अख्खी लेन फक्त यांची. शेवटची गाडी पावणेतीन तासांनी रस्त्याला लागते. म्हणून पैसे आधीच ऑनलाइन घ्यावेत, तपासणी फक्त आत येताना करावी, जाताना दरवाजे उघडे ठेवावेत आणि गाड्या तोंड बाहेर करून लावाव्यात. जितक्या जागा तितकेच पास, आणि पास नसलेल्या गाडीला शीव-पनवेल महामार्गावरच्या एलपी चौकात किंवा उरण फाट्यावरच वळवावे, स्टेडियमच्या दारात नाही.

वाशीच्या बाजार समितीच्या ट्रक टर्मिनलचे नाव पर्याय म्हणून घेतले जाते. तिथे रात्री भाजीपाल्याच्या गाड्या येऊ लागतात. त्यांना अडवाल तर दुसऱ्या दिवशी मुंबईची भाजी महागेल. जड वाहनांवर बंदी घालतानाही असेच भान हवे. बंदी अकराला उठवली की उरण आणि जेएनपीए बंदराच्या बाजूला खोळंबलेले कंटेनर एकदम सुटतात आणि परतणाऱ्या मोटारींत मिसळतात. ती दीड वाजेपर्यंत ठेवा, नाहीतर ठेवूच नका.

अॅपच्या टॅक्सीबाबत एकच. हजारो फोन एका चौरस किलोमीटरात आले की नेटवर्क बसते, ओटीपी येत नाही, चालक आणि प्रवासी एकमेकांना शोधत रस्ता अडवतात. टॅक्सी आणि रिक्षांसाठी स्टेडियमपासून दहा-पंधरा मिनिटे चालत जाण्याच्या अंतरावर मोठा, उजेडाचा, क्रमांक लावलेल्या रांगांचा थांबा द्यावा. त्या ठिकाणी फिरता मोबाइल टॉवर उभा राहील ही अट परवानगीतच घालावी.

हीच नेटवर्कची अडचण लोकलच्या तिकिटालाही येते. मोबाइल तिकीट निघत नाही, एटीव्हीएम या तिकीट यंत्रांपुढे रांग लागते आणि खिडकीवर सुट्या पैशांवरून वाद होतात. येतानाच परतीचे तिकीट काढा, असे आयोजकांनी आठवडाभर आधी संदेश पाठवून सांगावे. त्याहून चांगले म्हणजे कॉन्सर्टच्या तिकिटातच लोकलचे परतीचे भाडे धरावे, रेल्वेशी करार करून, आणि ते तिकीट मध्यरात्रीनंतरही पहिल्या सकाळच्या गाडीपर्यंत चालेल असे त्यावर स्पष्ट लिहावे. बारा वाजून दहा मिनिटांनी तिकीट तपासनीसाशी तारखेवरून वाद घालायला कुणाला हौस नसते.

पुढच्या कॉन्सर्टला परवानगी देण्याआधी, किमान सहा आठवडे, वरील सगळ्या यंत्रणांची एक बैठक घ्यावी आणि तिचे इतिवृत्त महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकावे. त्यात गाड्यांच्या वेळा, जिन्यांची रुंदी मोजून लिहिलेली, आणि आवारातल्या त्या वॉकीटॉकीवाल्या अधिकाऱ्याचे पद असावे.

आपले,
हार्बर मार्गावरील काही प्रवासी आणि वाहतूक नियोजनात काम केलेली मंडळी