शुक्रवारी संप आहे, पण तिकिटं पुढे ढकलायची नाहीत

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न.

मिलानमध्ये शुक्रवारी मेट्रो, ट्राम आणि बसचा संप आहे म्हटल्यावर काल फोनवर आईचं एकच पालुपद चालू होतं, ‘संप आहे तर येऊन करायचं काय? तिकिटं पुढे ढकल.’ बाबा मागून ‘अगं, तिला बोलू तरी दे’ म्हणत होते, तेवढ्यात रेंजच गेली. म्हणून सगळं लिहून पाठवतेय. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. मोबाईलवर वाचायचं म्हटलं की आईचा चष्मा सापडत नाही आणि बाबा नको ते बटण दाबून पत्रच घालवतात.

तर, तिकिटं ढकलायची नाहीत. तुम्ही बुधवारी पोचताय आणि संप शुक्रवारी आहे. मालपेन्सा विमानतळ मिलानपासून चाळीस-पन्नास किलोमीटर लांब आहे. त्या दिवशी संप असता तर मीसुद्धा जरा घाबरले असते, पण बुधवारी तसं काही नाही. मी घ्यायला येणारच आहे. गुरुवारी तुम्ही झोपून काढा, कारण जेट लॅग काय असतो ते तुम्हाला तेव्हाच कळेल. राहिला शुक्रवार.

शुक्रवारी घरात बसू म्हटलं तरी बसता येणार नाही, कारण दुपारी सव्वाचं लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’चं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या भिंतीवरच्या चित्राचं, तिकीट काढून ठेवलंय. ते तिकीट मिळणं म्हणजे आषाढीला पंढरपूरच्या गाडीत खिडकीची जागा मिळण्यासारखं आहे. नावासकट बुक करावं लागतं, ठरावीक माणसं आत सोडतात आणि पंधरा मिनिटांनी बाहेर काढतात. आज नाही, उद्या येतो, असं तिथे चालत नाही. तेव्हा संप असो नसो, सव्वाला आपण तिथे हजर असणार.

आता संपाचं. बाबा, हा भाग तुमच्यासाठी आहे, आईने हवं तर गाळावा.

इथला संप आपल्यासारखा नसतो. आपल्याकडे 2021च्या ऑक्टोबरअखेरीस एसटी थांबली ती एप्रिल 2022पर्यंत, आणि 22 एप्रिलच्या आत कामावर या असं हायकोर्टाने सांगितलं तेव्हा कुठे ते प्रकरण मिटायला लागलं. तुम्ही रिटायर होऊन घरी होतात, तरी रोज सकाळी पेपर काखेत मारून स्टँडवरच्या मंडपात जाऊन बसायचात. आई म्हणायची, यांना आता काय पडलंय. विलीनीकरण होईल की नाही यावर तुम्ही आणि दादा जेवताना भांडायचात तेही मला फोनवरून ऐकू यायचं. तो संप कधी संपेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मिलानमध्ये संपाचं वेळापत्रक असतं. हसू नका. 1990 साली इटलीत एक कायदा झाला. त्याप्रमाणे वाहतुकीसारख्या अत्यावश्यक सेवेत संप करायचा तर किमान दहा दिवस आधी कळवावं लागतं, आणि कामावर जायच्या-यायच्या वेळेला गाड्या सोडाव्याच लागतात. संप हा हक्क इथल्या राज्यघटनेतच आहे, त्यामुळे तो कुणी काढून घेऊ शकत नाही. पण शाळेत, कारखान्यात जाणारं माणूस अडकू नये ही दुसरी बाजूही कायद्याने धरली आहे.

मिलानच्या मेट्रो, ट्राम आणि सिटी बसच्या चोवीस तासांच्या संपात साधारण असं असतं : सकाळी पहिल्या गाडीपासून पावणेनऊपर्यंत सगळं चालू. पावणेनऊ ते तीन बंद. तीन ते सहा पुन्हा चालू. सहानंतर रात्री सेवा संपेपर्यंत बंद. तुम्ही वाहतूक नियंत्रक म्हणून आयुष्यभर फेऱ्या लावल्यात, ही चार वाक्यं वाचून तुमच्या डोक्यात चार्ट तयारही झाला असेल. तुमची शंकाही मला माहीत आहे, की वेळ ठरवून दिलेल्या संपाला धार ती काय राहणार? माझ्या ऑफिसातले इटालियन लोकही हेच म्हणतात, आणि वर ‘संप नेहमी शुक्रवारीच कसा येतो’ असं विचारून डोळे मिचकावतात. मला मात्र ही पद्धत पटते. भांडण मालकाशी आहे ना, मग दवाखान्यात साफसफाईला जाणाऱ्या बाईला पहाटे स्टॉपवर कशाला उभं ठेवायचं? यावर आल्यावर बोलू, आई झोपली की.

एक गंमत अजून. संप जाहीर झाला म्हणजे गाड्या बंद राहतीलच असं नाही. इथे युनियन बऱ्याच, त्यातली एखादी संप पुकारते आणि बाकीचे कामावर येतात. मग मेट्रो दिवसभर सुरळीत चालते आणि ट्राम तेवढ्या कमी होतात, किंवा एक लाईन बंद आणि दुसरी चालू, असं काहीही होतं. नक्की काय ते त्या दिवशी सकाळीच कळतं. म्हणून मी बेत असा आखलाय की गाड्या बंद राहिल्या तरी आपलं अडणार नाही, आणि चालू राहिल्या तर आईचे पाय वाचतील.

साडेसातला घरातून निघायचं. माझं स्टेशन बान्दे नेरे, मेट्रोच्या लाल लाईनवर. तिथून दुओमो, म्हणजे इथलं मोठं चर्च, मधे कुठे बदलायचं नाही. आठच्या आत आपण मिलानच्या मध्यात पोचलेलो असू आणि तिथून पुढे तीनपर्यंत आपल्याला गाडीच लागणार नाही. जुनं मिलान चालण्याजोगं आहे. दुओमोपासून किल्ला जेमतेम एक किलोमीटर, आणि किल्ल्यापासून ‘लास्ट सपर’चा मठ साधारण तेवढाच. आई, तू दर एकादशीला स्टँडापासून कृष्णाबाईपर्यंत जातेस, तेव्हा गुडघ्याचं नाव काढत नाहीस.

आठ ते नऊ दुओमोसमोरच्या चौकात. त्या वेळी तिथे कबुतरं आणि झाडूवाले सोडले तर फारसं कुणी नसतं, फोटो काढायचे ते तेव्हाच. मग बारमध्ये जाऊ. आई, दचकू नकोस, इथे बार म्हणजे कॉफीचं दुकान. काउंटरला उभ्याने प्यायली की स्वस्त, टेबलावर बसलं की महाग. आपण एकदाच बसू, बाथरूमही तिथेच उरकून घेऊ, आणि कृपा करून युरोला शंभराने गुणत बसू नका.

नऊला दुओमो उघडतं. 1386 साली काम सुरू झालं आणि शेवटचा दरवाजा बसवला 1965 साली. आपल्याकडे बायपासचं काम रखडलं की बाबा चिडतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. वर गच्चीवर लिफ्टने जाता येतं, तिकीट लिफ्टचंच घेतलंय. तरी लिफ्टनंतर थोड्या पायऱ्या आहेत, त्या सावकाश चढू. वर गेल्यावर दगडाच्या जंगलात उभं राहिल्यासारखं वाटतं. एकशे पस्तीस सुळके, प्रत्येकाच्या टोकावर एकेक मूर्ती, आणि सगळ्यांत उंच सुळक्यावर सोनेरी मेरी. जवळ जाऊन दगड बघा, पांढऱ्यात किंचित गुलाबी झाक आहे. कान्दोलिया नावाच्या गावच्या खाणीतला हा संगमरवर. तो नावेत घालून सरोवरातून नदीत, नदीतून कालव्यात, असा पाण्यावरूनच थेट शहरात आणायचे. हवा स्वच्छ असेल तर आल्प्सचा बर्फही दिसतो, पण ऑक्टोबरचा भरवसा नाही. छत्री माझ्याकडे आहे, तुम्ही आणू नका. आईने साडीच नेसावी. खांदे-गुडघे उघडे असतील तर आत सोडत नाहीत, त्यामुळे दारात परत फिरणाऱ्या परदेशी पोरी बघून तिला उगाच बरं वाटेल.

शेजारीच गॅलरिया आहे, काचेच्या छपराखालचा बाजार. तिथे घ्यायचं काही नाही, बघायचं फक्त. मधल्या चौकात फरशीवर तोरिनो शहराचं चिन्ह असलेला एक बैल आहे. त्याच्या अंगावर टाच ठेवून गिरकी घेतली की नशीब उघडतं म्हणतात. टाच नेमकी कुठे ठेवायची ते मी आईला कानात सांगेन. लोकांनी फिरून फिरून तिथे खड्डा पाडलाय.

पलीकडे स्काला हे ऑपेराचं थिएटर, ते बाहेरूनच. तिथून वीया दान्ते नावाच्या रस्त्याने सरळ किल्ल्याकडे. या रस्त्यावर गाड्या येत नाहीत, मधे बाकं आहेत, दमलं की बसायचं. किल्ल्याच्या आवारात जायला पैसे लागत नाहीत. आत एका दालनात मायकेलँजेलोचं शेवटचं शिल्प आहे, अर्धवट राहिलेलं. वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, 1564 साली गेला, त्याच्या आधी काही दिवस तो त्यावर काम करत होता. आधीच्या घडणीतला एक सुटा हात तसाच बाजूला उभा राहिलाय. मला हे त्या गुळगुळीत, पूर्ण झालेल्या पुतळ्यांपेक्षा जास्त आवडतं. तुम्हाला नाही आवडलं तर तसं सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

जेवण किल्ल्यामागच्या बागेत. आई, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून आण, लोणचं विमानात सांडेल असं बांधू नकोस. हॉटेलात जायला माझी ना नाही, पण इथला प्रसिद्ध केशरी भात दिसतो आपल्या केशरभातासारखा आणि करतात तो मटणवाल्याकडच्या हाडातली मज्जा आणि हाडांचं पाणी घालून. वरून काही कळत नाही. त्यापेक्षा घरी मीच बिनहाडांचा करून घालेन.

पाऊणला मठाशी. तिकीट दाखवून काचेच्या दोन-तीन दारांतून टप्प्याटप्प्याने आत सोडतात, बाहेरची धूळ आणि दमट हवा आत जाऊ नये म्हणून. आणि मग समोर अख्खी भिंत. साधूंच्या जेवणघराची भिंत आहे ती, तिच्यावर जेवणाचंच चित्र. लिओनार्दोने ओल्या गिलाव्यावर न रंगवता कोरड्या भिंतीवर रंगवलं, म्हणून ते त्याच्या हयातीतच पोपडे धरायला लागलं. पुढे 1652 साली साधूंनी स्वयंपाकघराकडे जायला सोपं व्हावं म्हणून भिंतीत दार पाडलं आणि त्यात येशूचे पाय गेले. ते दार बुजवल्याची खूण अजून दिसते. 1943च्या ऑगस्टमध्ये बॉम्ब पडला, छप्पर आणि बाजूची भिंत कोसळली, पण ही भिंत वाळूच्या पोत्यांच्या आधाराने उभी राहिली. नंतर एकवीस वर्षं, 1978 ते 1999, जीर्णोद्धार चालला. पंधरा मिनिटं पुरतात का, असं बाबा विचारतील. पुरत नाहीत. म्हणून आत मोबाईल काढायचा नाही.

तिथून तीनपर्यंतचा वेळ घालवायला सान मौरीत्सियो नावाचं चर्च आहे, दहा मिनिटांवर. तिकीट नाही. बाहेरून काहीच वाटत नाही, आत खालपासून वरपर्यंत रंगवलेलं. मधे भिंत घालून दोन भाग केलेत. पुढचा गावच्या लोकांसाठी, मागचा मठातल्या जोगिणींसाठी, म्हणजे प्रार्थना एकाच वेळी पण तोंड न बघता. आईला बसायला बाकं भरपूर आहेत आणि शांतताही.

तिथून कादोर्ना स्टेशन जवळ. पण तीन वाजले की लगेच खाली पळायचं नाही. अडकलेले सगळे पहिल्या गाडीवर तुटून पडतात, आणि गाड्या लागायलाही थोडा वेळ जातो. साडेतीनला उतरू. बाबा, पुढे पागानोला लाईन फुटते, एक फाटा ‘रो’कडे आणि एक ‘बिशेल्ये’कडे. आपण बिशेल्येची पाटी बघूनच चढायचं, ते काम तुमच्याकडे. चारला घरी चहा. सहानंतर बाहेर पडायचंच नाही.

आणि समजा पाऊस आला, गुडघा धरला, काहीही झालं, तर टॅक्सी आहे. त्या दिवशी थांब्यावर रांग असते, पण रांग हलते. पैसे मी बाजूला काढून ठेवलेत, त्यावर चर्चा नको.

बाबांसाठी खरी मजा शनिवारी. इथे 1928 सालच्या ट्राम अजून रोजच्या फेऱ्यांना पळतात. आत लाकडी लांब बाकडी, पितळी दांडे, वळणावर करकर आवाज. त्यातल्या काही अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोला गेल्या, तिथेही चालतात. एक नंबरची पकडू, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ आणि तशाच परत येऊ. आई खिडकीत, तुम्ही ड्रायव्हरच्या मागे. त्याच्याशी बोलायला जाऊ नका, चालत्या गाडीत बोललेलं इथेही खपत नाही.

परतीचं तिकीट दिवाळीच्या आधीचं आहे, आईने फराळाची काळजी करू नये. येताना एवढंच आणा : बाबांचे बूट, ते नवे नकोत, पायात बसलेले. आईची गुडघ्याची पट्टी आणि गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. घरची किल्ली दादाकडे द्या, शेजारी नको, मागच्या वेळी काय झालं ते आठवा. तुळशीला पाणी घालायला वहिनीला सांगितलंय.

प्रिंट मिळाली की मिस्ड कॉल द्या.

तुमची लेक