नंबराचं काय करू?

प्रिय पक्या,

तुझा फोटो येऊन तीन महिने झाले आणि मी साधं 'मस्त' पण टाकलं नाही. चिडला असशील. तू घरी बांधलेल्या गाडीच्या चेसिसवर ठोकलेला तो नंबर, ती १७ अक्षरं-आकडे, झूम करून चारदा बघितले आणि फोन उलटा ठेवला. पोटात दुखलं रे, दुसरं काय. तब्येत बरी आहे, आईचे गुडघे तसेच.

आपली घरी बांधलेली गाडीपण झाली, पक्या. नानांच्या शेडमध्ये उभी आहे. मारुती ८०० चं इंजिन पहिल्या सेल्फला उचललं, सुन्या शेडभर नाचला. (आणि हो, मागचा जॉइंट परत तडकला, आर्गॉन वेल्डिंगने मारू म्हणत होतास तोच, बास, आता त्यावरून परत भांडू नकोस.)

गेल्या रविवारी नानांच्या ओळखीचे आरटीओचे रिटायर्ड इन्स्पेक्टर आले होते. अख्खी गाडी वाकून वाकून बघितली, वेल्डिंगवरून बोट फिरवलं, मग सवयीने खिशातून कागद आणि पेन्सिल काढली, चेसिस नंबरची छाप घ्यायला. पुढच्या पाइपवर कागद धरला आणि मला विचारलं, "नंबर कुठाय?" नुसता गुळगुळीत पाइप. कागदाची घडी घालून परत खिशात ठेवली त्यांनी. मला तिथंच रडू येईल असं वाटलं.

मग चहा घेताना नीट समजावलं. गाडीच्या नोंदणीचा फॉर्म २० आपण भरायचा, पण सोबत २१ लागतो विकणाऱ्याचा आणि २२ बनवणाऱ्याचा. विकली कोणी? कोणीच नाही. बनवली मी, पण मी कंपनी नाही. मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नमुना गाडी टेस्टिंगला द्यायची तीही उत्पादकानेच. आणि ती टेस्ट करणारी संस्था, एआरएआय, कुठं, तर आपल्या वेताळ टेकडीवर! शाळा बुडवून ज्या कुंपणाला चिकटून उभे राहायचो तेच. तुझ्या तिकडे परदेशात घरी बांधलेल्या एकट्या गाडीची टेस्ट होते, पास झाली आणि नंबर नसेल तर सरकारच नंबर देतं. इथं एकट्या गाडीला तसं दारच नाही.

एक एजंट म्हणाला, जुन्या ८०० चा नंबराचा पत्रा कापून वेल्ड करा, कागद तयारच आहेत. सुन्या म्हणतो करून टाक, कोण बघतंय. अरे पण ती ८०० भंगारात गेलेली, तिचं नाव हिला लावायचं? उद्या कुणाला धडक बसली तर इन्शुरन्सवाला पहिला तोच पत्रा बघणार. शिवाय २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ माहितीशी विसंगत बदल चालणार नाहीत, मग इथं तर गाडीच दुसरी. मी नाही करणार ते, सुन्याशी बोलणं बंद आहे दोन दिवस.

पण तुला एकट्याला सांगतो. मी बोहरी आळीतून लोखंडावर अक्षरं-आकडे ठोकायच्या पंचांचा सेट आणला. आकड्यांचे नऊच पंच असतात माहितीये का, ६ उलटा धरला की ९. नंबरपण तयार केला होता, आपल्याकडच्या गाड्यांसारखा एम ए ने सुरू होणारा, १ आणि ० सारखी दिसणारी आय, ओ, क्यू ही अक्षरं टाळून. रात्री शेडमध्ये एकटाच, एम पाइपवर टेकवला, हातोडी उचलली. नाही मारली. ठोकला असता तर तो आपणच आपल्याला दिलेला नंबर, त्याला कोण विचारतं.

तुझं नवीन घर कसंय? वहिनींना नमस्कार, पिल्लूला शाळा आवडते का?

आणि एक सांग, तुझा नंबर ठोकला तेव्हा तू समोर होतास का? किती खोल जातो तो? सगळं सविस्तर लिही. सेट सध्या आईकडे दिलाय, पिठाच्या डब्यामागे ठेवलाय तिने.

तुझाच,
मन्या