विमानप्रवासाच्या वेळेबाबत ॲपवर दिल्या जाणाऱ्या दिशाभूल करणाऱ्या माहितीविषयी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दोन शहरांमधील विमानप्रवासाचा चुकीचा वेळ दाखवला जाण्याबाबत.

महोदय,

आपल्या प्रवास-नियोजनाच्या ॲपचा मी सशुल्क सदस्य आहे. दोन शहरांची नावे दिली की हे ॲप त्यांच्यातील अंतर आणि ‘विमानप्रवासाचा वेळ’ असे दोन आकडे दाखवते. अंतराबद्दल माझी तक्रार नाही. वेळेचा आकडा मात्र निव्वळ भागाकारातून आलेला असतो आणि ही गोष्ट आपण सदस्यांना कुठेही सांगत नाही.

लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर आपण ५,५५० किलोमीटर दाखवता आणि वेळ ६ तास ३२ मिनिटे, तोही दोन्ही दिशांना सारखाच. ताशी ८५० किलोमीटर वेगाने भागले की नेमके हेच उत्तर येते. प्रत्यक्षात विमान कंपन्यांच्या वेळापत्रकांत न्यूयॉर्ककडे जाताना सुमारे आठ तास आणि परतताना सुमारे सात तास धरलेले असतात, कारण उत्तर अटलांटिकवरचे जेट प्रवाह (खूप उंचावरून वाहणारे वेगवान वारे) पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर आणखी वाढतो. शिवाय वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी पोहोचून थांबेपर्यंतचा असतो; त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाणासाठी ताटकळणे, उंची गाठणे आणि उतरण्यापूर्वी वेग कमी करणे हे सारे येते. जिथे तासा-दीड तासाचा फरक पडतो, तिथे ३२ मिनिटांचा हा नेमकेपणा कशासाठी, हे मला उमगलेले नाही.

मला प्रत्यक्ष त्रास झाला तो हेलसिंकी ते टोकियो या प्रवासात. हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर असल्याने आपल्या ॲपने सव्वानऊ तासांच्या आत वेळ दाखवला. परंतु २०२२ पासून रशियाचे हवाई क्षेत्र युरोपीय विमान कंपन्यांना बंद असल्यामुळे त्यांची विमाने वळसा घालून जातात आणि या प्रवासाला जवळपास तेरा तास लागतात. शहरे जागची हलली नाहीत, पण मार्ग बदलला, आणि आपल्या ॲपला त्याचा पत्ताच नाही. तिकीट काढण्यापूर्वी याच आकड्यावरून मी टोकियोतील बैठकीची वेळ कळवली होती. वेळापत्रक हाती आल्यावर ती पुढे ढकलावी लागली आणि समोरच्यांची क्षमा मागावी लागली.

याविषयी आपल्या मदत कक्षाला कळवले असता, ‘अंतर अक्षांश-रेखांशांवरून काढलेले असल्याने वेळही अचूक आहे’ असे उत्तर मिळाले. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील लघुतम अंतर अक्षांश-रेखांशांवरून निश्चितच काढता येते. वारा, मिटलेले हवाई मार्ग आणि विमानतळावरची गर्दी मात्र त्यांच्यावरून कळत नाही. हे उत्तर वाचल्यानंतरच मी हे पत्र लिहायला घेतले.

तरी, जाण्याचा आणि परतीचा वेळ वेगवेगळा व चालू वेळापत्रकांच्या आधारे दाखवावा, आणि तो उपलब्ध नसेल तिथे ‘केवळ अंतरावरून काढलेला अंदाज’ असे त्या आकड्याशेजारीच स्पष्ट लिहावे, ही विनंती. हे करणे शक्य नसल्यास माझे सदस्यत्व रद्द करून उर्वरित मुदतीची रक्कम परत करावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

आपला,
एक सशुल्क सदस्य