चर्चच्या भिंतीला चुनाच हवा

महोदय,
वसई किल्ल्यातले चर्चचे भग्नावशेष पाहायला गर्दी होते; गावातल्या नांदत्या चर्चकडे मात्र कुणी मान वर करून पाहत नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण त्रिकोणी माथा, भिंतीत अर्धे रुतलेले खांब, अर्धगोल कमानी ही युरोपीय घडण उत्तर कोकणात टिकली. आता डागडुजीच्या नावाखाली तिच्यावर सिमेंट आणि ऑइलपेंट चढतो. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडतं, मग खाऱ्या हवेत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. फादर आणि गावकऱ्यांनी कंत्राट देण्याआधी चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्याला एकदा भिंत दाखवावी.

– एक वाचक, वसई