वर्षाच्या मधातच वेलनेसचं टार्गेट बदललं, त्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय: चालू पॉलिसीत रिवॉर्डचे गोल (टार्गेट) बदलले, हार्ट रेटची अट टाकली, गेलेले पॉइंट परत मिळावे

सर/मॅडम, नमस्कार,

मी तुमच्या फॅमिली फ्लोटर (पूर्ण घराचा मिळून एकच विमा) पॉलिसीची जुनी ग्राहक आहे, पॉलिसीत मी आणि माझे मिस्टर असे दोघं आहोत. ही तक्रार क्लेमची नाही, देवाच्या कृपेने क्लेमची वेळ अजून आलीच नाही. तक्रार तुमच्या वेलनेस रिवॉर्डची आहे, म्हणजे रोज चालल्याचे पॉइंट देऊन प्रीमियममध्ये सूट द्यायची जी योजना आहे तिची. कॉल सेंटरला बोलून झालं, ॲपच्या चॅटवर लिहून झालं, तिथे आपोआप उत्तर देणारी ती सिस्टीम एकच वाक्य फिरवून फिरवून देते, आणि फोनवरची मुलगी बिचारी समोरचं वाचून दाखवते, तिच्या हातात काही नाही हे मला समजते. म्हणून आता सगळं सविस्तर लिहून राहिली आहे, आणि हे कोण्या माणसाने पूर्ण वाचावं एवढी अपेक्षा आहे.

जानेवारीत आमचं रिन्यूअल झालं. त्या वेळी दुसऱ्या एका कंपनीचं कोटेशन तुमच्यापेक्षा कमी होतं, मुलीचं म्हणणं होतं की पोर्ट करून टाका, म्हणजे पॉलिसी तिकडे हलवा. तुमचे एजंट भाऊ घरी आले, टेबलावर पत्रक ठेवलं आणि पेनाने गोल करून दाखवलं, रोज ८,००० पावलं, फोन खिशात असला तरी मोजते, वेगळं घड्याळ घ्यायची गरज नाही, महिन्याचे पॉइंट जमा होतात आणि पुढच्या रिन्यूअलला प्रीमियममधून तेवढी सूट मिळते. आम्ही दोघं तसेही रोज सकाळी चालतोच, म्हणून हिशोब केला की सूट धरली तर दोन्हीकडचे पैसे जवळपास सारखेच होतात, मग जुनी कंपनी काऊन सोडायची. त्या ८,००० च्या भरवशावर आम्ही तुमच्याकडे थांबलो आणि पूर्ण वर्षाचा प्रीमियम एकदम भरला. ते पत्रक माझ्याकडे अजून आहे, फोटो सोबत जोडला आहे.

आणि १ एप्रिलपासून सगळं बदललं. ८,००० चे १०,००० झाले. फोनची पावलं बंद, आता घड्याळच पाहिजे. आठवड्यातले पाच दिवस पूर्ण झाले पाहिजे, चारच झाले तर त्या चार दिवसांचेही पॉइंट शून्य. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रोज ३० ॲक्टिव्ह मिनिटं, ज्यात हार्ट रेट वयाप्रमाणे धरलेल्या जास्तीत जास्त ठोक्यांच्या ७० टक्क्यांच्या वर पाहिजे. हे आम्हाला कसं कळलं, तर ॲपमध्ये एक नोटिफिकेशन आलं होतं म्हणे, ऑफर आणि हेल्थ टिप्सच्या ढिगात. ईमेल नाही, एसएमएस नाही, पत्र तर दूरच. मार्चमध्ये जमलेले पॉइंट नवीन नियमाने पुन्हा मोजले आणि कमी केले, तेही आम्हालाच ॲपमधलं पॉइंटचं पासबुक उघडून पाहिल्यावर दिसलं.

आमच्या मोहल्ल्यात बायकांची भिशी चालते, त्यात पण एकदा भिशी सुरू झाली की संपेपर्यंत हप्ता आणि नियम कोणी बदलत नाही, बदलायचं असेल तर पुढच्या भिशीपासून. तुम्ही तर परवाना असलेली विमा कंपनी आहात.

आता हार्ट रेटचं सांगते, कारण हे पत्र लिहायला मी बसली ती मुख्य त्याच्यासाठी.

मिस्टर ५८ वर्षांचे आहेत. बीपी आहे, आणि मागे धडधड व्हायची म्हणून डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल सुरू केलं, रोज सकाळी एक गोळी. ही बीटा ब्लॉकर प्रकारातली गोळी आहे, हृदयाचे ठोके हळू ठेवणं हेच तिचं काम. तुमचं ॲप काय करते, २२० मधून वय वजा करते, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके १६२, त्याचे ७० टक्के म्हणजे ११३, आणि घड्याळात ११३ च्या वर ठोके असले तरच ते मिनिट धरते. नवीन नियम आला म्हणून आम्ही घड्याळ पण घेतलं, खर्च केला. सेमिनरी हिल्सचा चढ हे झपाझप चढले, मी मागे राहून गेली इतक्या जोरात. वर पोचले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, एक वाक्य पूर्ण बोलता येत नव्हतं, आणि घड्याळात आकडा ९८. थोडा वेळ १०१ दिसला, परत ९६. घरी येऊन ॲप उघडलं तर ॲक्टिव्ह मिनिटं ०. पूर्ण टेकडी चढून आलेल्या माणसाला ० दाखवलं तुमच्या ॲपने.

त्या रात्री जेवताना हे मला म्हणाले, उद्या गोळी चालून आल्यावर घेऊ का, पाहू ठोके वाढतात का. माझ्या हातातला घास तसाच राहिला. बीटा ब्लॉकर आपल्या मनाने बंद करायची नसते, वेळ पण बदलायची नसते, एकदम सोडली तर बीपी आणि ठोके उसळतात, हृदयाचा त्रास असलेल्याला छातीत दुखू शकते, अटॅकपर्यंत जाऊ शकते, हे आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. मी यांना तिथेच शपथ घातली. पण मला सांगा, अशी गोळी घेणारे तुमचे किती ग्राहक असतील, आणि त्यातल्या किती जणांच्या घरी थांबवणारं कोणी असेल? पॉइंटसाठी कोणी गोळी मागेपुढे केली आणि काही झालं तर त्याचं उत्तर कोण देणार?

आणि तुम्हाला यांच्या गोळीची माहिती नाही असंही नाही. प्रपोजल फॉर्ममध्ये बीपी लिहिलं आहे, औषधाचं नाव लिहिलं आहे, त्याच्यासाठी प्रीमियममध्ये लोडिंग, म्हणजे जास्तीचे पैसे, तुम्ही दरवर्षी घेऊन राहिले. प्रीमियम लावताना ती गोळी तुम्हाला दिसते, मग गोल ठरवताना काऊन दिसत नाही? डॉक्टर लोक बीटा ब्लॉकरवाल्या पेशंटला ठोक्यांच्या आकड्यावर जाऊच नका म्हणतात, चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये एवढी दमछाक पुरे, असं साधं माप देतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस पण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे, त्यात १०,००० पावलांचा आकडा कुठेच नाही.

१०,००० बद्दल मुलीने मला शोधून दाखवलं. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं तिथून पसरला, कोण्या डॉक्टरी अभ्यासातून आला नाही. नंतर खरे अभ्यास झाले, २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या बायकांवर एक झाला त्यात फायदा साधारण ७,५०० पावलांपर्यंत वाढत गेला आणि मग तिथेच थांबला, आणि २०२२ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये आला त्यात ६० च्या वरच्या लोकांसाठी ६,००० ते ८,००० आणि त्याहून तरुण लोकांसाठी ८,००० ते १०,००० असा पल्ला दिला आहे. म्हणजे तुमचा जुना ८,००० चा गोल आमच्या वयाला एकदम बरोबर होता. तो चांगला होता म्हणूनच आम्ही तो पाळत होतो. मग वाढवला कशासाठी, कोण्या डॉक्टरच्या सांगण्यावरून, हे लेखी कळवा.

दुसरं, हा बदल तुम्ही एप्रिलमध्ये केला. नागपूरचा उन्हाळा तुमच्या ऑफिसात कोणाला माहीत आहे का? मेमध्ये इथे पारा ४५ च्या वर जाते, नवतपा (मे अखेरचे ते सगळ्यात गरम नऊ दिवस) सुरू झाला की पहाटे सुद्धा हवा गरम. आम्ही पाच वाजता फुटाळा तलावावर पोचतो, साडेसहा-सातला ऊन टोचायला लागते की परत. तेवढ्यात ८,००० होऊन जायचे, उरलेले संध्याकाळच्या भाजीबाजारात. आता १०,००० साठी लोक काय करून राहिले ते पाहा, आमच्या बाजूच्या काकू रात्री साडेनऊला गच्चीवर फेऱ्या मारतात, स्लॅब तेव्हाही दिवसभराची आग सोडत असते, चप्पल घालून सुद्धा तळवे भाजतात. महापालिकेचा हीट ॲक्शन प्लॅन आहे, दरवर्षी सांगतात की दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका, आणि तुमचं ॲप मला दुपारी दोन वाजता मेसेज पाठवते, “आज अजून ३,४०० पावलं बाकी, चला बाहेर पडा!” त्या वेळी रस्त्यावर कुत्रं सुद्धा दिसत नाही हो. मी स्क्रीनशॉट जोडला आहे, वेळ नीट पाहा.

आणि यात अजून एक धोका आहे जो तुम्ही लक्षात घेतला नाही. गरमीत शरीर थंड ठेवायला हृदयाला जास्त काम करावं लागते, तेवढंच चालून ठोके जास्त वाढतात. म्हणजे ज्याला ११३ गाठायचे आहेत त्याला पहाटेपेक्षा उन्हात चालणं सोपं पडेल. तुमच्या नियमाने माणूस नेमका नको त्या वेळी बाहेर पडेल. उष्माघात ही इथे पेपरात वाचायची गोष्ट नाही, दर उन्हाळ्यात ओळखीतलं कोणी ना कोणी ॲडमिट होते.

जिमचा पर्याय आहे असं चॅटवर सांगितलं, पण यादीतली जिम आमच्या घरापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तिची फी वेगळी, त्यावर जास्त लिहीत नाही.

डेटाबद्दल मात्र विचारायचं आहे. आधी ॲप फक्त पावलं मागायचं. आता हार्ट रेट आणि झोप दोन्हीची परवानगी मागते, आणि नाही दिली तर गोल सुरूच होत नाही. यांच्या हृदयाचा चोवीस तासांचा डेटा तुमच्याकडे गेल्यावर तो फक्त पॉइंटसाठीच वापरला जाईल, की उद्या प्रीमियम वाढवताना आणि क्लेम तपासताना पण काढला जाईल? हे कुठेच लिहिलेलं मला सापडलं नाही. याचं हो किंवा नाही असं सरळ उत्तर द्या.

कॉल सेंटरने मला एक अट वाचून दाखवली की कंपनी हा प्रोग्राम कधीही बदलू शकते. अट असेल. पण विमा नियामकाने २०२० मध्ये वेलनेसच्या सोयींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या तेव्हाच म्हटलं होतं की पॉइंट कसे मिळणार आणि कसे वापरता येणार हे माहितीपत्रकात आणि पॉलिसीच्या कागदात स्पष्ट दिलं पाहिजे. आमच्या कागदात ८,००० लिहिलं आहे. पैसे त्या कागदावर घेतले, मग वर्ष संपेपर्यंत तो कागद पाळा. पुढच्या जानेवारीत नवीन गोल ठेवायचे तर ठेवा, आम्हाला आधी सांगा, आम्ही पाहू राहायचं की पोर्ट करायचं. २०२४ पासून पॉलिसीची मुख्य माहिती थोडक्यात सांगणारं जे ग्राहक माहिती पत्रक तुम्हाला द्यावं लागते ते आम्हाला मराठीत पाठवा, आणि रिवॉर्डचे नियम सुद्धा मराठीतच पाठवा, माझ्यासारख्या बाईला ते बारीक अक्षरातलं इंग्रजी वाचून काही कळत नाही आणि तुम्ही त्याच्यावरच बोट ठेवता.

तर माझी मागणी अशी आहे की आम्हा दोघांना या पॉलिसी वर्षासाठी जुनाच ८,००० चा गोल लावा, फोनची पावलं धरा, आणि १ एप्रिलपासून कापलेले आणि मार्चमधले कमी केलेले पॉइंट परत जमा करा. हार्ट रेटची अट बीटा ब्लॉकर घेणाऱ्या सगळ्यांसाठी ताबडतोब काढा, आमच्या एकट्यासाठी नाही, सगळ्यांसाठी, आणि गोळी चालू ठेवा, आकड्यासाठी ती सोडू नका अशी सूचना ॲपच्या पहिल्या पानावर टाका. हे काम आजच्या आज करता येण्यासारखं आहे, यात कोणाच्या मंजुरीची वाट पाहू नका. आणि विदर्भात एप्रिल ते जून दुपारचे ते मेसेज बंद करा.

दोन आठवड्यांत लेखी उत्तर पाहिजे, तुम्हाला तक्रार निकाली काढायला तेवढीच मुदत आहे. नाही आलं तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकणार, आणि एक महिना उलटूनही समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाणार, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही, हे मी विचारून ठेवलं आहे. डॉक्टरांची चिठ्ठी, पत्रकाचा फोटो, सेमिनरी हिल्सच्या दिवशीचा घड्याळाचा स्क्रीनशॉट आणि दुपारी दोनच्या मेसेजचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. फोन करायचा असेल तर सकाळी आठनंतर करा, त्याआधी आम्ही चालायला गेलेलो असतो.

आपली पॉलिसीधारक,
नागपूर
(नाव आणि पॉलिसी नंबर मेलच्या विषयात दिला आहे)