डिझेलच्या टाकीत पावसाचे पाणी

पाऊस धो धो कोसळत असताना गेल्या आठवड्यात माझा ट्रक शिवडीजवळ भर रस्त्यात बंद पडला. दोन तासांपूर्वीच डिझेल भरले होते. मिस्त्रीने फिल्टरखालचा नळ सोडून प्लास्टिकच्या बाटलीत तेल काढले, तर तळाला चार बोटे स्वच्छ पाणी आणि वर पिवळसर डिझेल! टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली. तरी इंजिनात डिझेल फवारणारे दोन इंजेक्टर गेलेच. या गाड्यांच्या इंजिनातल्या डिझेल पंपाला आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचेच मिळते. तिथे पाणी शिरले की लोखंड लोखंडावर घासते. ड्रायव्हरने डॅशबोर्डवरचा, डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा पाहिला होता, पण माल वेळेत पोचवायचा म्हणून गाडी पुढे काढली. त्याला दोष देववत नाही. मात्र असा दिवा लागला की गाडी तिथेच थांबवावी, पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये, ही कळकळीची विनंती.

पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते पेट्रोल पंपाच्या भूमिगत टाकीत तळाशी साचते. मोजपट्टीला पाणी ओळखणारी पेस्ट लावून टाकीत सोडली की पाणी लागलेल्या भागाचा रंग बदलतो. पाच मिनिटांचे काम. सखल भागात पाणी तुंबल्यावर, ही तपासणी झाल्याशिवाय पंपावर विक्री सुरू होऊ देऊ नये आणि तिची नोंद ग्राहकाला दिसेल अशी फळ्यावर लिहावी. माझ्या दुरुस्तीचे बिल आजही माझ्याच खिशात आहे.

– एक ट्रकमालक, वडाळा, मुंबई