नॅनोसंशोधनाचा नकाशा नुसत्या पेटंटांवरून नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नॅनोतंत्रज्ञानात कोण किती पुढे, हे पेटंटांच्या संख्येवरून ठरवणाऱ्या बातम्या सतत वाचनात येतात. तो आकडा काढला कसा, हे मात्र त्यात क्वचितच असते, आणि खरी मेख तिथेच आहे.

‘नॅनो’ने सुरू होणारे शब्द शोधले की नॅनोसेकंद, नॅनोलिटर असलेली पेटंटेही हाती लागतात. सोडियम नायट्रेटसुद्धा येते, कारण त्याच्या रासायनिक सूत्रातली अक्षरे एन-ए-एन-ओ अशीच आहेत! उलट, पृष्ठभागावरचे अणू दाखवणाऱ्या स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपच्या १९८२ च्या अमेरिकी पेटंटाच्या शीर्षकात ‘नॅनो’ कुठेच नाही. म्हणूनच अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने २००४ मध्ये नॅनोतंत्रज्ञानाच्या पेटंटांसाठी ९७७ क्रमांकाचा वेगळा वर्ग काढला. मोजणी वर्गावरून केली की शब्दावरून, एवढे तरी बातमीत हवे.

तरीही पेटंट ही उशिरा कळणारी खबर. अर्ज साधारण १८ महिने उघड होत नाही आणि मंजुरीला त्यापुढेही वेळ लागतो. कामाला पैसा मिळालेला असतो तो त्याच्या कितीतरी आधी. संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानांची रक्कम, संशोधकाचे नाव, कामाचा गोषवारा कुणालाही पाहता येतो. शिवाय १९८० च्या बे-डोल कायद्यामुळे सरकारी पैशातून लागलेल्या शोधाच्या पेटंटात तसा उल्लेख करावा लागतो. असे एखादे पेटंट उघडून पाहा. बहुधा सुरुवातीलाच अनुदानाचा क्रमांक दिसेल. तो धरून मागे गेले की कोणत्या पैशातून काय उभे राहिले, हे कळते. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी या फाउंडेशनची अनुदाने आणि पेटंटे अशी जोडून पाहिली, तेव्हा अनुदान मिळालेल्या संशोधकांच्या पेटंटांचा प्रभाव इतरांपेक्षा जास्त आढळला. नुसत्या मोजणीत हे कधीच दिसले नसते. (पेटंटाचा प्रभाव नंतरच्या पेटंटांत त्याचे किती संदर्भ येतात यावरून मोजतात, पण बरेच संदर्भ संशोधक नव्हे, तर पेटंट कार्यालयाचे तपासनीस घालतात. अमेरिकी पेटंटावर अशा संदर्भांपुढे तारांकन असते, तेही पाहायला हवे.)

सार्वजनिक पैसा देणाऱ्या प्रत्येक संस्थेने अनुदानाचा क्रमांक पेटंटात बंधनकारक करावा आणि ही माहिती सर्वांना खुली ठेवावी. वृत्तपत्रांनीही पेटंटांच्या आकड्याशेजारी त्यामागचे अनुदान छापावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक